कातळावरची अक्षरे

‘वाडी रम’ हे नाव ऐकून फसू नका! अरबीत वाडी म्हणजे दरी. जॉर्डनमधल्या त्या तांबड्या वाळवंटातून आम्हां चौघां मित्रांची जीप हिंदकळत निघाली. खझालीच्या घळीशी उतरलो आणि गप्पच झालो. कातळावर उंट, माणसे, पावले आणि दोनेक हजार वर्षांपूर्वीची समूदी अक्षरे! असे सुमारे २०,००० लेख या रानात आहेत.

मलाही हुक्की आली. खडा घेऊन स्वतःचे नाव कोरणार, तोच बेदुइन वाटाड्याने माझे मनगट हळूच धरले. बोलला काहीच नाही. गडांवर नावे खरडणाऱ्यांना वर्गात दूषणे देणारा मी मास्तर! खडा हातातून गळून पडला.

रात्री शेकोटीपाशी चहाचा पहिला पेला त्याने मलाच दिला. चहा भलताच गोड होता. घशाखाली मात्र जड उतरला.