उधारीची वही

‘माझ्याजवळ लपविण्यासारखें आहे तरी काय?’ हा प्रश्न अलीकडे मीं इतक्या जणांच्या तोंडून ऐकला आहे, कीं आमच्या भागाचें तें सार्वजनिक मतच आहे असें म्हणावयास हरकत नाहीं. कसाऱ्याच्या लोकलमध्यें आसनगांवपर्यंत उभे राहून येणारे नोकरदार तो विचारतात, मुरबाडच्या एस. टी. स्थानकावर चहा पितांना शेतकरी विचारतात. आणि वर्गांत मीं विषय काढला, तर पहिल्या बांकावरील विद्यार्थीहि तोच विचारतो. अमक्या कंपनीनें लोकांची माहिती परस्पर तिसऱ्यास दिली, तमक्या कंपनीचा साठा फोडून चोरांनीं ती पळविली, अशी बातमी कोणी तरी वाचून दाखवितो. ऐकणारे क्षणभर गंभीर होतात. मग शेजारचा सांगतो, ‘परवां घरांत पंपाची गोष्ट काढली, आणि संध्याकाळीं फोनवर पंपाच्याच जाहिराती!’ सगळे हंसतात, आणि अखेर चर्चा त्याच ठिकाणीं येऊन थांबते : घेऊं द्या माहिती, आम्ही काय चोर आहों?

हें मत अडाणीपणाचें आहे असें मला वाटत नाहीं. त्याच्यामागें एक सरळ आणि उघडें आयुष्य उभें आहे. शहापूर-मुरबाडकडील खेड्यांत खासगी असें फारसें नसतेंच. कोणाचें भात किती पोतीं झालें, कोणाच्या मुलीचें स्थळ मोडलें, कोणाचा मुलगा कल्याणहून रात्रीं किती वाजतां घरीं येतो, हें गांवास त्या त्या घराच्या इतकेंच ठाऊक असतें. ज्यानें सारा जन्म असा उघड्या अंगणांत काढला, त्यास दूरदेशच्या कंपनीनें आपल्याबद्दल चार गोष्टी टिपून ठेवल्या तर त्यांत विशेष काय, असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु गांवाचें जाणणें आणि कंपनीचें जाणणें हीं एकाच जातीचीं आहेत काय, एवढा प्रश्न मात्र अवश्य विचारला पाहिजे.

माझ्या लहानपणीं आम्ही ज्या दुकानांतून मीठमिरची आणीत असूं, त्या दुकानदाराजवळ लाल कापडाच्या बांधणीची एक लांबट वही असे. आमच्या घराचें अर्धें चरित्र तिच्यांत होतें. महिन्याच्या अखेरीस गूळ कमी झाला कीं ओढाताण, साबुदाणा वाढला कीं कोणी आजारी, हें तो नुसत्या नोंदींवरून ओळखी. तरीहि त्या वहीचें भय आम्हांस कधीं वाटलें नाहीं. कारण तो लिहीत असतांना आम्ही समोर उभे असूं. ‘भाऊ, गूळ पावशेर कां मांडला? मीं आदपावच नेला,’ असें माझी आई ठणकावून सांगे, आणि तो मुकाट्यानें आंकडा खोडी. शिवाय त्याच्या घरचें सारेंहि आम्हांस माहीत होतें : त्याचें स्वतःचें देणें, त्याच्या भावाशीं चाललेला जमिनीचा तंटा, त्याच्या तागडीची सवय. तो आमचें जाणे, आम्ही त्याचें जाणत असूं. त्यानें आमची गोष्ट वाईट रीतीनें चारचौघांत काढली असती, तर दुसऱ्याच दिवशीं त्याच्या दुकानाची पायरी ओस पडली असती.

आतां या वहीचें पुढें काय झालें तें पाहूं. मुरबाड तालुक्याच्या एका टोकास नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतून जुन्नरकडे जाणाऱ्या मालाची ती वाट. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी जकातीचें नाणें त्यांत टाकीत असत, असें परंपरा सांगते. नाण्याचा एक मोठा गुण असा, कीं तें मुकें असतें. एकदां रांजणांत पडल्यावर तें कोणी टाकलें, त्याच्या बैलाच्या पाठीवर काय होतें, तो पुढें कोणत्या गांवीं उतरला, यांतलें कांहींच तें सांगत नाहीं. याच मुरबाड तालुक्यांत धसई गांव आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि १ डिसेंबर रोजीं धसई हें महाराष्ट्रांतील पहिलें रोकडरहित गांव म्हणून जाहीर झालें. बँक ऑफ बडोदाच्या साहाय्यानें तेथील दुकानदारांस कार्ड घासण्याचीं यंत्रें मिळालीं. पुढें गांवांत रोकड परत आली, हेंहि वर्तमानपत्रांनींच सांगितलें. परंतु ओघ थांबला नाहीं. यंत्राच्या जागीं ठिपक्यांचा चौकोनी कागद आला, आणि आज बाजारांत कोथिंबिरीची जुडीसुद्धां त्या कागदापुढें फोन धरून घेतां येते. मीहि तशीच घेतों. सुट्या पैशांची कटकट मिटली, याबद्दल मी कृतज्ञ आहें. फक्त एवढें ध्यानांत ठेवावयाचें, कीं मुक्या नाण्याच्या जागीं आतां वहीच आली आहे. कोणी, कोणास, केव्हां, किती दिले, हें सारें तिच्यांत मांडलें जातें. मात्र ती दुकानदाराच्या गल्ल्यावर नाहीं. तिचीं पानें बँक, ॲप चालविणारी कंपनी अशा निरनिराळ्या हातांत आहेत, आणि आदपावाचा पावशेर झाला तर कोणापुढें उभें राहून ठणकावयाचें, हें माझ्या आईलाहि सांगतां आलें नसतें.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची हकीकत येथें सांगणें मला प्राप्त आहे. २०१९ च्या पावसाळ्यांत भिवंडीच्या गोदामांतील त्याचें काम सुटलें. घरीं आजारपण होतें. फोनवरून कर्ज देणाऱ्या एका ॲपकडून त्यानें आठ हजार रुपये काढले. ॲपनें प्रथमच विचारलें कीं तुमच्या फोनमधील नांवांची यादी पाहूं काय? त्यानें ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवलें. न ठेवता तर पैसे मिळत नव्हते. हप्त्यास नऊ दिवस उशीर झाला. दहाव्या दिवशीं त्याच्या मामास, मेहुण्यास, शेजाऱ्यास आणि मलाहि त्याच्या छायाचित्रासह एक संदेश आला, कीं हा मनुष्य लबाड आहे, यापासून सावध राहा. कर्ज त्यानें फेडलें. परंतु पौषांत म्हसाच्या जत्रेस दरवर्षीं बैल पाहावयास जाणारा तो, त्या वर्षीं गेला नाहीं.

याच्याजवळ लपविण्यासारखें काय होतें? कांहींच नव्हतें. गांवच्या दुकानांत त्याची याहून मोठी उधारी होती. ती सर्वांस ठाऊक होती, आणि तिची लाज त्यास कधीं वाटली नव्हती. त्याची गोष्ट गुप्त नव्हती. पण ती कोणापुढें, कोणत्या शब्दांत, केव्हां निघावी, हें त्याच्या हातीं राहिलें नाहीं. खासगीपणा म्हणजे पापें झांकण्याची चादर नव्हे. आपल्या गोष्टीवर आपला थोडासा ताबा असणें, यालाच खेड्यांत आपण अब्रू म्हणतों. पुढें २ सप्टेंबर २०२२ रोजीं रिझर्व्ह बँकेनें नियम काढून, कर्ज देणाऱ्या ॲपांनीं कर्जदाराच्या फोनमधील नांवांची यादी, छायाचित्रें व फोनच्या नोंदी यांस हात लावूं नये, असें बजावलें. माझ्या विद्यार्थ्याच्या कामीं तो नियम आला नाहीं.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी वाटूं नये. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर हल्ला केला, तेव्हां त्यांचा मुख्य रोख वह्यांवर आणि कर्जखतांवर होता. हातीं लागलीं तीं त्यांनीं जाळलीं. आपल्याविषयीं काय लिहिलें आहे हें ज्यास वाचतां येत नाहीं आणि खोडून घेतां येत नाहीं, त्यास अखेर आग सुचते. सरकारनें त्यांतून बोध घेतला. १८७९ च्या दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कायद्यानें ऋणकोस पावती मागण्याचा व हिशेब पाहण्याचा हक्क दिला. सावकारी बंद झाली नाहीं. वही थोडी ऋणकोच्या बाजूस फिरली. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यानें कंपनीजवळ आपली कोणती माहिती आहे व ती कोणास दिली हें विचारण्याचा, चूक दुरुस्त करून घेण्याचा अधिकार मान्य केला. संमति मागणारी सूचना मराठींतहि मिळण्याची सोय त्यांत आहे. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत निघाले. सरकारी खात्यांना त्यांत मोकळीक फार ठेवली आहे, हा दोष मी लहान मानीत नाहीं. तरी दिशा १८७९ चीच आहे.

पण कायदा दारापर्यंत येतो. दार आपणच उघडावें लागतें. २०२१ च्या जानेवारींत व्हॉट्सॲपनें नव्या अटी पुढें केल्या, तेव्हां आमच्या शिक्षककक्षांत दोन दिवस फार गरमागरम चर्चा झाली. तिसऱ्या दिवशीं बहुतेकांनीं ‘मान्य’ म्हटलें, कारण नातेवाईक, विद्यार्थी आणि भाजीवाला सारे तेथेंच होते. जेथें ‘नाहीं’ म्हणण्याची किंमत गांव सोडण्याइतकी असते, तेथील ‘होय’ला संमति म्हणावें काय? स्पर्धा आयोगानेंहि त्याच प्रकरणीं १८ नोव्हेंबर २०२४ रोजीं तिच्या मालक कंपनीस, मेटास, २१३ कोटींहून अधिक दंड ठोठावला.

शहापूरकरांस तरी हें समजावण्यास फार शब्द खर्च होऊं नयेत. १८९२ पासून तानसाचें आणि पुढें भातसाचें पाणी या तालुक्यांतून मुंबईस जात आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत याच तालुक्यांतील पाड्यांवर बाया हंडे मांडून टँकरची वाट पाहत आहेत. मुंबईस पाणी देऊं नये, असें येथला कोणी शहाणा म्हणत नाहीं. म्हणणें इतकेंच असतें, कीं किती जातें, कोणत्या बोलीवर जातें, आणि आमच्या पाड्यास काय उरतें, हें आम्हांस दाखवावें. पाण्याचा नळ निदान डोळ्यांस दिसतो. त्याच्याकडे बोट दाखवून भांडतां येतें. माहितीचा नळ दिसत नाहीं, म्हणून ‘आमच्याजवळ लपविण्यासारखें काय आहे?’ असें आपण सहज म्हणून जातों. त्यापुढें आणखी एक प्रश्न विचारण्याची संवय लागली, तर पुष्कळ काम होईल : तुमच्याजवळ दाखविण्यासारखें काय आहे?