पेटीच्या झाकणावरची नावं

तुमच्या माळ्यावर एखादी जुनी लाकडी पेटी आहे का हो? असली तर आज दुपारची आवराआवर झाली की खाली काढा, आणि झाकण आतल्या बाजूनं नीट बघा. मी हे का सांगते, ते ऐका.

माझं सासर नाशिकच्या शरणपुरातलं. आमच्या मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला तशी देवळात बैठक झाली. (आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो, बाहेरच्या मैत्रिणींना त्याची गंमत वाटते.) उपकारस्तुतीची उपासना, मागाहून प्रीतिभोजन, एक स्मरणिका आणि जुन्या वस्तूंचं छोटंसं प्रदर्शन, असा बेत ठरला. स्वयंपाक महिला मंडळाकडे, हे सांगायला नकोच! दोनशे पानांचा पुलाव, माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर वीस किलो. तो हिशेब आम्ही चुटकीसरशी केला. पण मी पडले निवृत्त शिक्षिका, तेव्हा स्मरणिकेतला इतिहासही माझ्याच गळ्यात आला.

लिहायला बसले आणि थक्क झाले. इतकी वर्षं ज्या रस्त्यानं भाजी आणली, त्याची गोष्ट किती लांबची! चर्च मिशनरी सोसायटीचे लोक नाशकात आले 1832 मध्ये. पुढे 1854 च्या सुमारास त्यांनी गावाबाहेर एक वस्ती वसवली. शरण आलेल्यांचं म्हणून शरणपूर. विल्यम साल्टर प्राइस नावाचे पाद्री तिथे होते. सुतारकाम, लोहारकाम शिकवणारी शाळा निघाली. आणि या शाळेत कोण आलं म्हणता? आफ्रिकेतली मुलं! गुलाम म्हणून जहाजात कोंबून नेत असताना इंग्रजी आरमारानं सोडवलेली. मुंबईत उतरवलेल्या त्या पोरांपैकी कितीतरी आपल्या गोदाकाठी वाढली.

त्यातलाच एक जेकब वेनराइट. संशोधक लिव्हिंग्स्टन 1873 मध्ये आफ्रिकेच्या जंगलात वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथंच एका झाडाखाली पुरलं. झाडावर अक्षरं कोरली ती जेकबनं. नोकरांनी देह शेकडो मैल खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत नेला, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा शवपेटीजवळच्या मानकऱ्यांत आपला हा नाशिकचा विद्यार्थी होता. त्याच सुमारास प्राइससाहेब मोंबासाला गेले आणि तिथे फ्रीअरटाऊन वसवलं. शरणपूरची बरीच आफ्रिकी मंडळीही समुद्रापार गेली.

हे सगळं लिहून झालं. पाळकांची नावं क्रमवार लागली, साहेबांची लागली. मग माझ्या लक्षात आलं, माझ्या पानांत एकही बाई नाही. आणि त्याच क्षणी मला आमची पेटी आठवली.

सागवानी होती. मिशनच्या सुतारशाळेतली, असं सासूबाई म्हणत. झाकणाच्या आत पेन्सिलीनं घरातल्या साऱ्यांचे जन्म, बाप्तिस्मे, मरणं लिहिलेली. सगळ्यांत वर एका मुलीचं नुसतंच नाव, आडनाव नाही, तारीख नाही. सासूबाई सांगत, "ही आपली नव्हे गं, पण आपल्या घरच्या चुलीशी वाढलेली. पुढं जहाजानं गेली. हे सगळं एका वहीत उतरवून घे बाई, तुझं अक्षर चांगलं आहे." मी म्हणायची, "घेते हं, सुट्टी लागू दे." सुट्ट्या लागल्या आणि संपल्या. त्या गेल्या. आम्ही वाडा सोडून गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये आलो, आणि वाळवी लागलेली ती पेटी मी भंगारवाल्याला दिली. बदल्यात काय मिळालं ते सांगायचीही लाज वाटते.

त्या मुलीचं नाव मला आठवत नाही. किती रात्री जागून पाहिलं, नाही आठवत.

जलालपूरच्या, म्हणजे इथल्याच, लक्ष्मीबाई टिळकांचं बघा. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून आईच्या आठवणी लिहून घ्यायच्या ठरल्या, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झालं. त्या माउलीला मागणारं कुणी होतं. माझ्या सासूबाई आपण होऊन देत होत्या, आणि मी मात्र सुट्टीची वाट बघत बसले.

तर भगिनींनो, फोटोंच्या मागे नावं लिहा, पण मऊ पेन्सिलीनं. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. डिंकानं चिकटवू नका, झुरळं लागतात. आणि पेटी विकायचीच असली तर आधी झाकणाचा फोटो काढा, आता मोबाईल तर सगळ्यांकडे आहे.

स्मरणिकेत मी एक ओळ घातली, 'आमच्या घरी वाढलेली एक मुलगी, नाव हरवले.' प्रीतिभोजनाच्या दिवशी ती वाचून आमच्या ओळीतल्या थोरल्या काकू, वय वर्षं नव्वद, पानावरून उठता उठता म्हणाल्या, "आमच्या आजीकडेही असल्या कुणाची गोष्ट होती. गुरुवारी दुपारी ये. आणि येताना वही आण, नुसते कान नकोत."

गुरुवार उद्याच आहे. वही पिशवीत घालून ठेवली आहे.