कोल्ह्याचे वकीलपत्र

कोल्ह्याचे वकीलपत्र घ्यायला सहसा कोणी पुढे येत नाही. इसापाने त्याला आंबट द्राक्षांवरून हसून घेतले, आपल्या म्हणीने काकडीवर त्याची बोळवण केली. वास्तविक इंग्रजी गोष्टींतला ‘फॉक्स’ म्हणजे आपला कोल्हा नव्हेच. तो आपल्या माळावरच्या खोकडाचा भाऊबंद! उटकमंडच्या गोऱ्या साहेबांना तांबडा फॉक्स मिळेना, तेव्हा त्यांनी शिकारी कुत्री कोल्ह्यामागे सोडून हौस भागवली. असो. रूढीला शरण जाऊन मीही त्याला कोल्हाच म्हणतो.

माझा एक जुना विद्यार्थी इंग्लंडात विल्टशरमध्ये असतो. त्याच्याकडे गेलो असता एका म्हाताऱ्या गेमकीपरची गाठ पडली. गेमकीपर म्हणजे शिकारीच्या पाखरांचा राखणदार. त्या देशात दरसाल काही कोटी फेझंट पाळून रानांत सोडतात आणि १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी या मोसमात हौशी बंदूकवाले ते टिपतात. तोवर कोल्ह्याने त्यांना तोंड लावू नये, म्हणून हा गृहस्थ रात्रीच्या रात्री बंदूक घेऊन हिंडलेला.

“म्हणजे आपण मारायचे म्हणून दुसऱ्याला मारू द्यायचे नाही!” मी म्हणालो.

म्हातारा रागावला नाही. “प्रोफेसर, वसंतात या आणि टिटव्यांची पिले मोजा,” एवढेच म्हणाला.

त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. अंड्यांवर बसलेली मादी कोल्हा घरट्यातच गाठतो. १९८०नंतरच्या दशकात सॅलिसबरीच्या पठारावर दोन रानांत प्रयोग झाला. एकात कोल्हे-कावळे मारले, दुसऱ्यात मारले नाहीत. तीन वर्षांनी अदलाबदल केली. जिथे मारले तिथे करडे तितर वाढले. २००० ते २००८ या काळात ऑटरबर्नच्या माळावर टिटव्यांच्या बाबतीतही तेच दिसले.

पण खटल्याला दुसरी बाजू आहे. महायुद्धानंतर शेतांवर तणनाशके आली. तण गेले, तणावरचे किडे गेले आणि किड्यांवर वाढणारी तितराची पिले उपाशी मेली. तेथे कोल्ह्याचा काय अपराध? २००१ साली गुरांच्या लाळ्या-खुरकताच्या साथीमुळे कुत्र्यांची शिकार जवळजवळ वर्षभर बंद होती. तरी कोल्हे वाढल्याचे मोजणीत आढळले नाही. पुढे २००५पासून इंग्लंड-वेल्समध्ये ती शिकार कायद्याने बंद झाली. राखणदाराची बंदूक मात्र राहिली, कारण एक कोल्हा मेला की त्याच्या मोकळ्या मुलखात दुसरा येऊन राहतो.

“कोल्हे संपवायला मी निघालोच नव्हतो,” म्हातारा म्हणाला. “मला एप्रिल, मे, जून एवढेच हवे असत. तेवढ्यात पिले उडू लागतात.”

टिटवीसाठी झाडलेली गोळी मी, जड मनाने का होईना, समजू शकतो. फेझंटसाठी झाडलेली नाही. पंचाईत अशी की, दोन्ही गोळ्या एकाच बंदुकीतून सुटतात. राखणदाराचा पगार फेझंटच्या पैशातून निघतो आणि त्याच पगारावर टिटवीचे पिलू जगते!

म्हणून माझ्या अशिलाला मी निर्दोष म्हणणार नाही. माझा अर्ज एवढाच की, आरोपीच्या पिंजऱ्यात त्याच्या शेजारी तणनाशकाचा डबाही उभा करावा.