संदेष्ट्याची पारख

यरुशलेमच्या मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या देखत, हनन्या नावाच्या संदेष्ट्यानं जाहीर केलं की दोन वर्षांच्या आत देव बाबेलच्या राजाची सत्ता मोडील आणि लुटून नेलेली मंदिराची पात्रं परत आणील. ख्रिस्तपूर्व 594च्या सुमाराची ही गोष्ट. लोकांना नेमकं हेच ऐकायचं होतं. समोर संदेष्टा यिर्मया उभा होता. बाबेलपुढे मान तुकवा, असं सांगत तो मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. असा माणूस कुणाला आवडणार?

यिर्मया हनन्याला ‘आमेन’ म्हणाला. देव तसंच करो, असंही म्हणाला. शांतीचा निरोप देणाऱ्याचा शब्द खरा ठरला तरच तो देवाचा, एवढं मात्र त्यानं बजावलं. तेव्हा हनन्यानं ते जू ओढून मोडून टाकलं. यावर यिर्मया काय बोलला? काहीच नाही. तो आपल्या वाटेनं निघून गेला. लाकडाच्या जागी आता लोखंडाचं जू येईल, हा देवाचा शब्द त्याला मागाहून मिळाला. हनन्या त्याच वर्षी मेला.

खऱ्या संदेष्ट्याची खूण मला त्या मुकाट जाण्यात दिसते. देवानं शब्द दिला नसेल तर भर सभेत अपमान झाला तरी तो पदरचा शब्द घालत नाही.

भाकीत खरं ठरलं की संदेष्टा खरा, अशी सोपी कसोटी आपण लावतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात ती आहेही. पण त्याच पुस्तकाचा तेरावा अध्याय सांगतो, की खूण खरी ठरली आणि तरीही तो माणूस तुम्हाला दुसऱ्या देवांमागे ओढत असेल, तर त्याचं ऐकू नका. उलट योनानं निनवेला चाळीस दिवसांची मुदत दिली, लोकांनी पश्चात्ताप केला आणि शहर वाचलं. म्हणून योना खोटा ठरत नाही. तेव्हा भाकितांचा हिशेब पुरेसा नाही. तो शब्द ऐकणाऱ्याला कुठे नेतो आणि सांगणाऱ्याच्या पदरात काय टाकतो, हेही पाहावं लागतं.

आरंभीच्या मंडळ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. ‘दिदाखे’ ही त्या काळातली एक छोटी नियमावली, इ.स. 100च्या आसपासची. आत्म्यात बोलणाऱ्या संदेष्ट्याला बोलताना पारखू नका, असं ती सांगते. मात्र त्याचं वागणं तपासायला लावते. गावोगाव फिरणारा प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या भरात जेवण मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला, तरी खोटा. ही संशयी माणसं नव्हेत. खऱ्या संदेष्ट्याला पहिल्या पिकाचा वाटा द्या, असंही हीच नियमावली सांगते.

आता आजच्या सभांकडे वळू. खचाखच भरलेल्या हॉलमध्ये पाहुणा माईकवर डोळे मिटून सांगतो, ‘इथं कुणाचा तरी गुडघा दुखतोय, प्रभू मला दाखवतोय.’ मागच्या रांगेतली एक मावशी थरथरत उभी राहते आणि ‘हालेलुया’चा गजर होतो. आमच्या मंडळीत निम्म्या बायका जिन्याचा कठडा धरून चढतात. गुडघा न दुखणारा माणूस हुडकून काढला असता तर मी चकित झालो असतो. पुढच्या गाण्याला दानाची थैली फिरते. त्या मावशीची श्रद्धा खरी असते, म्हणून तर हे जास्त टोचतं.

मोठ्या व्यासपीठांवर जू मोडणारे आणखी जोरात असतात. 2020च्या अमेरिकी निवडणुकीत ट्रम्पच जिंकणार, असं देवाच्या नावानं सांगणाऱ्यांची रीघ लागली होती. निकाल उलटा लागला. जेरेमाया जॉन्सन या तरुण प्रचारकानं जानेवारी 2021मध्ये जाहीर माफी मागितली, तेव्हा त्याला धमक्या आल्या, त्याही विश्वासणाऱ्यांकडून. खोट्या संदेष्ट्याइतकाच त्याला डोक्यावर घेणारा श्रोताही जबाबदार असतो, हे त्या धमक्यांनी उघडं केलं.

म्हणून संदेश सांगण्याचं दानच नाकारावं का? पौल थेस्सलनीकाकरांना एका दमात दोन्ही सांगतो: संदेशाला तुच्छ मानू नका आणि सगळं पारखून घ्या. करिंथच्या मंडळीत दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी ते जोखावं, असा त्याचा नियम आहे. म्हणजे पारख हा अविश्वास नव्हे, तो उपासनेचाच भाग आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात 1905 साली आत्मिक जागृतीची लाट उसळली. मुली रडत, ओरडत प्रार्थना करत. पाहणाऱ्या काहींना तो नुसता उन्माद वाटला. पण निराधार मुलींना घर, शिक्षण आणि हाताला काम देणं तिथं थांबलं नाही. झाडाची ओळख फळावरून होते ती अशी, आणि फळाला वेळ लागतो.

तेव्हा वाचकहो, ‘प्रभूनं मला तुमच्यासाठी सांगितलंय’ असं कुणी म्हणालं, तर त्याचा अपमान करू नका, पण लगेच मानही डोलवू नका. तारीख घालून शब्द लिहून ठेवा. मंडळीतल्या दोन शहाण्या माणसांना दाखवा. त्यातून पैसा, मान किंवा मत कुणाला मिळणार, ते पाहा. ज्याला ही तपासणी नको असेल, त्याचा संदेशही तुम्हाला नको.