बाबांची टॅक्सी

आमचं घर बाबांच्या टॅक्सीवर चालतं, म्हणून ती धुणं हे माझं रविवारचं ठरलेलं काम. गोव्याची लाल धूळ म्हणजे पॉलिशपेपरच. कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर ओरखडे उठलेच! म्हणून आधी भरपूर पाणी मारायचं. मग सावलीत, टपापासून खाली धुवायचं. बादल्या दोन: एकीत कार शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला. भांड्यांचा साबण नको, तो मेण उतरवतो.

एक सिरॅमिक कोटिंगवाला म्हणाला, "हे लावा, मग धुवायलाच नको." बाबा नुसते हसले. कोटिंगचा थर केसाहून पातळ. पाणी ओघळतं, धूळ कमी चिकटते, एवढं खरं. पण कोरडं फडकं घासलं तर ओरखडा चुकत नाही. बाबांनी मेणाची डबी घेतली. वाचलेल्या पैशांत माझी परीक्षा फी भरली.