पुस्तकं उघडतात, तोंडं उघडत नाहीत



मिस्सेला पाटीवर गीतांचे क्रमांक लागतात, पुस्तकं उघडतात. पण कॉयर गातं आणि बाकांवरची मंडळी ऐकत उभी राहते. विचारलं की उत्तर ठरलेलं: "बाई, आमचा कुठला गळा!"

गळ्याचा प्रश्न नंतरचा. गाणं हे आधी श्वासाचं काम आहे. ओळ सुरू होण्याआधी पटकन श्वास घ्यायचा आणि ओळ संपेपर्यंत पुरवून सोडायचा. असा लांबवून सोडलेला श्वास हृदयाची गती मंदावतो, मन निवतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती बरोबरच वाढते, बरोबरच कमी होते. कारण सगळे एकाच वेळी श्वास घेतात. अनेक अवयव, एक शरीर ही संत पौलाची शिकवण मुलांना समजावताना मी आता हे उदाहरण देते. मुलं लगेच मनगटावर नाडी शोधू लागतात!

आपल्या धर्मग्रामातल्या एका काकांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, "हो" एवढाच शब्द उरला. एका संध्याकाळी त्यांच्या घरी आम्ही जपमाळ केली. शेवटी पवित्र मरियेचं जुनं गीत सुरू झालं आणि काका गाऊ लागले. नुसता सूर नव्हे, शब्दांसकट. काकू गाता गाता रडत होत्या, पण थांबल्या नाहीत.

याला शास्त्रीय कारण आहे. बोलण्याची केंद्रं बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतात. गाण्यात उजवी बाजूही साथ देते. म्हणून वाचा गेलेल्या काहींना पाठ असलेलं गाणं म्हणता येतं. बोस्टनच्या तज्ज्ञांनी 1973 मध्ये यावरून उपचाराची एक पद्धतही मांडली. काकांचं बोलणं मात्र परत आलेलं नाही. चहा हवा की पाणी, हे ते अजून हातानेच सांगतात.

रविवारी ते मिस्सेला येतात. आजूबाजूचे मोठ्याने गायले तर तेही गातात. बाक गप्प असला, स्पीकरमधून नवी चाल दणाणत असली, की काकाही गप्प. म्हणजे आपण "गळा नाही" म्हणून तोंड मिटतो, तेव्हा आपल्याबरोबर त्यांचंही मिटतं.

1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला अभंग-भजनाची वाट दाखवली. भजनात एकाने म्हणायचं, सगळ्यांनी झेलायचं. निव्वळ श्रोता असा कोणी नसतोच. व्हॅटिकन परिषदेनेही 1963 मध्ये गीतांत लोकांचा सक्रिय सहभाग मागितला. आणि पौल नि सिला? अंगावर फटक्यांचे वळ, पाय खोड्यात, तरी मध्यरात्री दोघे गायले. त्यांचा गळा कसा होता, हे लूकने लिहिलेलं नाही.

कॉयरच्या मुलांशी मी बोलले आहे. मुलं गुणी आहेत, मेहनत घेतात. कम्युनियनचं गीत आता सर्वांना येणारं, जुनंच राहील, माइकचा आवाज कमी ठेवतील. नव्या चालीचा सराव मिस्सेआधी दहा मिनिटं, सगळ्यांसाठी. सूर लागो न लागो, या.

काका उजवीकडे तिसऱ्या बाकावर बसतात. त्यांच्या शेजारची जागा बहुतेक रिकामी असते.