आमचे फिरते घर

मे महिन्याची सुटी लागली आणि आमच्या घरात बंड झाले. बंडाचे पुढारी आमचे चिरंजीव. मोबाइलवर त्यांनी चाकांवरचे घर पाहिले होते. आत बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी. आणि असले घर घेऊन लोक म्हणे थेट जंगलात राहायला जातात! आपल्या सरकारनेही २०२१ साली अशा पर्यटनाचे धोरण काढले आहे, ही भर धाकटीने घातली. दोघांचे एकमत झाले ताडोबावर. १९५५ सालचे राष्ट्रीय उद्यान, शिवाय वाघ!

आता उंबरमाळी कुठे, चंद्रपूर कुठे, आणि मास्तरचा पगार कुठे! मी तहाची बोलणी लावली. वाघाचे सोडा, पण जंगल आपल्याच तालुक्यात आहे. तानसा अभयारण्य, १९७० सालचे, तीनशे चौरस किलोमीटरांहून मोठे. चाकांच्या घराचे म्हणाल, तर पुतण्याचा भाजीचा टेम्पो दारात उभाच होता.

त्यावर ताडपत्री चढली. गाद्या, स्टोव्ह, कांदे-बटाटे, तांदळाच्या भाकऱ्या, आणि सर्वांत शेवटी पंचाहत्तरी ओलांडलेली आमची आई. तिच्या काखेत पाण्याने भरलेला हंडा.

"अगं आई, आपण तलावावर चाललोय!"

"असू दे. आपलं पाणी आपल्याजवळ असावं."

हंडा तिने दोन्ही पायांत धरला, तो वाटेत कुणाला हलवू दिला नाही.

खर्डी मागे पडली. आटगावला महामार्ग सोडून आम्ही तानशाच्या वाटेला लागलो. माहुलीचे सुळके सोबतीला होते. साग उघडेबोडके झालेले. करवंदांच्या जाळ्या मात्र काळ्याभोर. १९९७ साली शहाद्याकडच्या रानात पुन्हा सापडलेला रानपिंगळा २०१४ साली तानशातही दिसला, हे मी शाळेतल्या आवाजात सांगितले. पिंगळ्याने दर्शन दिले नाही. एक मुंगूस दिसले. मुलांनी ते वाघाच्या खाती जमा केले.

आणि मग झाडीआडून पाणी आले. उन्हाळ्यातही डोळ्यांत मावू नये एवढे. १८९२ साली पुरा झालेला तो दगडी बांध आजही मुंबईची तहान भागवतो आहे. 'तानसा तलाव मुंबईला पाणी पुरवतो' हे वाक्य मी वीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतो आहे. रिकाम्या जागा भरा, एक गुण.

आई मात्र हे पाणी प्रथमच पाहत होती. तिचे माहेर याच तालुक्यातले, डोंगराच्या कुशीतले. उन्हाळ्यात पहाटे ओढ्यातल्या झऱ्यावर जायचे, वाटीवाटीने हंडा भरायचा आणि चढ चढून घरी यायचे, यात तिचे बालपण गेले. लग्नानंतर झरा बदलला, हंडा तोच राहिला.

"हे सगळं मुंबईला जातं?" तिने विचारले.

"सगळं नाही, पण पुष्कळ जातं."

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं. तिथल्या बायांच्या डोक्यावरचा हंडा तरी उतरला."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, म्हणूनच मला ते लागले. आजही उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. एप्रिलमध्ये हजेरीपटावर मुलींच्या नावापुढे मी 'गैरहजर' मांडतो. कारण मला ठाऊक असते. त्याला गुण किती द्यायचे, हे कुठल्याच पुस्तकात नाही.

अभयारण्यात मुक्काम करणे शक्य नव्हते. अलीकडच्या पाड्यावर एका ओळखीच्या अंगणात टेम्पो लावला. घरच्या सुनेने आम्हा सहा माणसांना पाणी दिले, पण देताना तिची नजर माठाच्या तळाशी गेली, ती आईने टिपली. काही न बोलता ती उठली, टेम्पोतला हंडा काढला आणि त्या माठात रिता केला.

"अहो आजी, तुम्ही पाहुण्या!" सून संकोचली.

"पाण्यापाशी कसली गं पाहुणी!" आई म्हणाली.

रात्री ताडपत्रीखाली मुले चांदण्या मोजत झोपी गेली. सकाळी निघताना आईने रिकामा हंडा काखेत घेतला. पण धाकटीने तो तिच्याकडून मागून घेतला, आणि घर येईपर्यंत दोन्ही पायांत धरून बसली.